सहा पानांत विलंबित एकताल: संगीत-तंत्रज्ञान परिषदेला शोधनिबंध पाठवताना

दिवसा इंजिनीअरिंग कॉलेज, संध्याकाळी दादरला किंवा पार्ल्याला गाण्याचा क्लास आणि रात्री लॅपटॉपवर पायथन. असं करणारी बरीच मुलंमुली आज मुंबईत सापडतात. त्यातून एखादी खरोखर चांगली गोष्ट हाती लागते. तबल्याचे बोल ओळखणारा प्रोग्रॅम तयार होतो, किंवा तानपुऱ्याच्या नादावरून गायकाचा सा शोधणारी पद्धत. मग कोणीतरी म्हणतं, ‘पेपर टाक ना कुठेतरी.’ त्या ‘कुठेतरी’पासून पीडीएफ अपलोड होईपर्यंत, आणि त्यानंतरही, काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने सांगतो.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा, विलंबित एकतालातल्या ख्यालाचं ध्वनिमुद्रण दिलं की त्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे कुठे येते हे आपोआप सांगणारी पद्धत तुम्ही बसवली आहे. ती चालते आहे, आकडे बरे आहेत, आता ती जगासमोर ठेवायची आहे.

आधी ठिकाण ठरवा

संगीत आणि संगणक एकत्र आले की सगळ्या परिषदा सारख्याच वाटतात, पण तशा त्या नसतात. ध्वनिमुद्रणातून किंवा स्वरलिपीतून माहिती काढण्याचं काम असेल तर ‘इस्मिर’ हे पहिलं नाव. ही परिषद २००० साली अमेरिकेतल्या प्लिमथ गावी सुरू झाली आणि २०२२ साली बंगळुरूला भरली होती. ‘नाइम’ २००१ साली एका कार्यशाळेच्या रूपाने सुरू झाली. नवी वाद्यं, सेन्सर, वाजवण्याच्या नव्या तऱ्हा हा तिचा विषय. ‘आयसीएमसी’ १९७४पासून चालत आलेली आहे आणि तिथे निबंधांबरोबर प्रत्यक्ष संगीतरचनाही पाठवता येतात. ध्वनीवर प्रक्रिया करणाऱ्या इफेक्टचं गणित असेल तर ‘डॅफेक्स’. सिग्नल प्रोसेसिंगचा भाग भक्कम असेल तर ‘आयकॅस्प’, जी २०२५ साली हैदराबादला झाली. आपल्याकडची ‘एफआरएसएम’ ही बोली आणि संगीत या दोन्हींची परिषद आहे. पहिलाच निबंध असेल तर तिचा विचार जरूर करा.

आपलं सम शोधण्याचं काम इस्मिरचं आहे. हे कसं ओळखायचं? परिषदेच्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या निबंधांची शीर्षकं वाचायची. इस्मिरचे सगळे जुने निबंध फुकट वाचता येतात. त्यात तुमच्या कामाची चार भावंडं सापडली तर ठिकाण बरोबर. एकही सापडलं नाही तर ‘आमचं काम अगदीच नवं आहे’ असं समजण्याआधी पत्ता चुकला नाही ना ते पाहा.

आणखी एक, एकच निबंध एका वेळी दोन परिषदांना पाठवू नये. बहुतेक ठिकाणी हे लेखी नियमातच असतं, आणि संगीत-तंत्रज्ञानाचं जग इतकं लहान आहे की दोन्हीकडचा परीक्षक एकच निघू शकतो.

तारीख आणि घड्याळ

मुदतीपुढे बहुधा ‘एओई’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेपर्यंत मुदत आहे. त्यासाठी जागतिक वेळेच्या बारा तास मागचं घड्याळ धरतात. आपण जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे रात्री २३:५९ची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९ला संपते. ही सवलत कागदावर लिहून भिंतीला लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका. शेवटच्या तासाला सगळं जग एकाच सर्व्हरवर चढलेलं असतं, सहाच्या विरार लोकलसारखं.

बहुतेक परिषदांत मुदती दोन असतात. आधी शीर्षक, सारांश आणि लेखकांची नावं नोंदवायची, नंतर काही दिवसांनी पूर्ण निबंध. पहिली तारीख नवखे लोक हलक्यात घेतात. ती चुकली तर दुसरी तुमच्यासाठी नसतेच. शिवाय पहिल्या तारखेनंतर अनेक ठिकाणी लेखकांची नावं वाढवता येत नाहीत. तेव्हा ज्या गुरुजींनी बसून सगळ्या समा तपासून दिल्या त्यांचं नाव लेखकांत घालायचं की आभारात, हा प्रश्न आधी सोडवा. माझं मत विचाराल तर, सम कुठे धरायची याचे निकष त्यांनी ठरवले असतील तर ते लेखकच.

नोंदणी सीएमटी, ईझीचेअर किंवा ओपनरिव्ह्यू अशा एखाद्या प्रणालीवर होते. प्रत्येक सहलेखकाचं खातं लागतं. ज्येष्ठ सहलेखकाच्या ईमेलवर आलेला पडताळणीचा दुवा चार दिवस तसाच पडून राहणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून हे काम महिनाभर आधी उरका. तिथे विषयाचे गटही निवडायचे असतात. ते नीट निवडा, कारण निबंध कोणाच्या हाती जाणार ते बरंचसं त्यावर ठरतं. फक्त ‘भारतीय संगीत’ किंवा ‘जागतिक संगीत’ असा गट निवडलात, तर तालशोधनात मुरलेल्या परीक्षकापर्यंत निबंध पोचणारच नाही. ‘लय आणि ताल’ हा गट पहिला ठेवा, संगीतपरंपरा दुसरी.

साचा आधी उघडा

लिहून झालेला मजकूर शेवटी परिषदेच्या साच्यात, म्हणजे तिने दिलेल्या मांडणीच्या तयार फाइलमध्ये, ओतायचा, ही पद्धत सोडा. पहिल्याच दिवशी त्या वर्षीचा साचा उतरवून घ्या आणि त्यातच लिहा. इथे ‘त्या वर्षीचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गेल्या वर्षी सीनियरने वापरलेल्या फाइलमध्ये तळाची हक्कओळ, वर्ष आणि कधीकधी पानाचा आकारही वेगळा असतो.

इस्मिरमध्ये गेली अनेक वर्षं मजकुराला सहा पानं मिळतात आणि संदर्भांची यादी त्यापुढे जाऊ शकते. आयकॅस्पमध्ये चार पानं आणि पाचव्यावर फक्त संदर्भ. सहा पानं ऐकायला भरपूर वाटतात, पण दोन रकाने, लहान अक्षर, त्यात तीन आकृत्या आणि दोन तक्ते. प्रत्यक्ष लिहायला जेमतेम चार पानं उरतात. साच्यात लिहायला बसलात की हे पहिल्याच आठवड्यात कळतं आणि काय गाळायचं त्याचा निर्णय शांतपणे घेता येतो. मुदतीच्या रात्री तोच निर्णय घ्यायचा म्हटलं की माणसं समास चोरतात, ओळींमधलं अंतर आवळतात, तक्त्याची अक्षरं मुंगीएवढी करतात. परीक्षकाला हे लगेच दिसतं आणि काही परिषदा असा निबंध न वाचताच परत करतात.

लेटेक (आज्ञा लिहून मजकुराची मांडणी करणारी प्रणाली) की वर्ड? लेटेक. सूत्रं, संदर्भ, आकृत्यांचे क्रमांक सगळं आपोआप सांभाळलं जातं, आणि ओव्हरलीफ या संकेतस्थळावर बोरिवलीचा एक आणि पनवेलचा एक असे दोघं एकाच वेळी लिहू शकतात. वर्डचा साचा असेल आणि तुम्हाला तोच येत असेल तर वापरा, निबंध त्यामुळे पडत नाही. फक्त पीडीएफ करताना पानाचा आकार तपासा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर असतं, अमेरिकन लेटर सुमारे २१६ बाय २७९. साच्याला एक हवं आणि तुमच्या संगणकाने दुसरं दिलं, तर शेवटच्या दोन ओळी नव्या पानावर पडतात.

आपली खास अडचण देवनागरीची. बोल किंवा बंदिशीचे शब्द मूळ लिपीत दाखवायचे असतात आणि नेहमीच्या पीडीएफलेटेकवर चालणाऱ्या साच्यात देवनागरी नीट उतरत नाही. झीलेटेक किंवा लुआलेटेक या लेटेकच्याच दुसऱ्या रूपांवर उतरते, पण परिषदेचा साचा त्यावर हललाच तर नवी डोकेदुखी. सोपा मार्ग असा: देवनागरीचा तुकडा इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये लिहायचा, अक्षरांचं आकृतीत रूपांतर करायचं, पीडीएफ करून चित्र म्हणून निबंधात घालायचं. फॉण्टसाठी मुंबईच्याच ‘एक टाइप’चा खुला ‘मुक्ता’ चांगला आहे, लहान आकारातही वाचता येतो. आलेखावर थेट मॅटप्लॉटलिबमधून (पायथनचं आलेख काढायचं साधन) देवनागरी लिहायला जाल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटण्याची शक्यता फार, तेव्हा छापलेला आलेख डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सहा पानांत काय भरायचं

खरी परीक्षा इथे आहे. आपल्या संगीतावर लिहिणारे बहुतेक जण पहिलं दीड पान राग म्हणजे काय, ताल म्हणजे काय, ख्यालाची घराणी कोणती यात घालवतात. परीक्षकाला ते नको असतं. तुमची पद्धत समजायला आणि तपासायला जेवढं लागतं तेवढंच त्याला हवं. समेच्या निबंधात रागाची व्याख्या लागतच नाही. लागतं ते एवढंच: एकताल बारा मात्रांचा, आवर्तन पुन्हा पुन्हा येतं, पहिली मात्रा ती सम, आणि विलंबितात एक आवर्तन पाऊण मिनिट ते मिनिटभरसुद्धा चालतं. हे तीन वाक्यांत होतं. त्यानंतर लगेच अडचण सांगा: दोन मात्रांच्या मध्ये तबलजी भरणा करतो, त्यामुळे नेहमीची ताल शोधणारी साधनं त्या भरण्यालाच मात्रा समजून बसतात. इतकं वाचलं की परदेशातल्या परीक्षकाचे कान टवकारतात, कारण ही त्याचीही अडचण आहे.

सारांश दीडशे-दोनशे शब्दांचा. त्यात पाच गोष्टी याव्यात: प्रश्न, आजवर तो का सुटला नव्हता, तुम्ही काय केलं, किती ध्वनिमुद्रणांवर तपासलं, आकडा काय आला. ‘भारतीय संगीताला हजारो वर्षांची परंपरा आहे’ या वाक्याला इथे जागा नाही. परीक्षक निबंध निवडताना आधी सारांशच पाहतात, तो संदिग्ध असेल तर जाणकार माणूस पुढच्या निबंधाकडे वळतो.

आधीच्या कामाचा आढावा मुंबईपासून सुरू करता येतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राने ॲम्स्टरडॅम विद्यापीठाबरोबर ‘ऑट्रिम’ प्रकल्पात गायनाचे स्वरालेख तयार केले. पवईच्या आयआयटीत ख्याल आणि तबल्यावर वर्षानुवर्षं काम चालू आहे. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातला ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्प २०११ ते २०१७ चालला आणि त्यातून हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताचे खुले संग्रह मिळाले, ‘सरागा’ त्यातलाच. हे न वाचता ‘या विषयावर आजवर काम झालेलं नाही’ असं लिहिलंत, तर परीक्षकांत नेमका त्यातलाच कोणीतरी बसलेला असण्याची शक्यता मोठी.

स्वरांबद्दल काही लिहायचं असेल तर सा सांगा, तोही हर्ट्झमध्ये. ‘गायकाची पट्टी काळी एक’ हे आपल्याला पुरतं. निबंधात लिहायचं, सा सुमारे १३८.६ हर्ट्झ. काळी चार असेल तर २०७.७ हर्ट्झ. बाकी सगळे स्वर त्या सापासून सेंटमध्ये मोजायचे. सप्तकात १२०० सेंट असतात. भातखंडे लिपीतल्या खुणा आपल्या डोळ्यांना सवयीच्या आहेत: कोमलाखाली आडवी रेघ, मंद्राखाली टिंब, तारावर टिंब, तीव्र मध्यमावर उभी रेघ. त्या वापरल्यात तर आकृतीखालच्या ओळीत त्यांचा अर्थ द्या. रागांची नावं रोमनमध्ये लिहिताना एकच पद्धत धरा. निबंधात एकाच रागाचं नाव तीन स्पेलिंगांनी आलं, तर वाचणाऱ्याला ते तीन राग वाटतात.

आकडे मोजताना

मापनाचा विभाग मी सगळ्यात सावकाश वाचतो, कारण निबंध उभा राहतो किंवा कोसळतो तो इथेच.

पहिला प्रश्न, सम नेमकी कुठे आहे हे कोणी ठरवलं? गायक समेवर किंचित आधी येतो, कधी मुद्दाम उशिरा. तबल्याचा ‘धिं’ मात्र जागेवर पडतो. म्हणून खूण तबल्याच्या आघातावर केली असं स्पष्ट लिहा. सॉनिक व्हिज्युअलायझरसारख्या फुकट साधनात दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे खुणा करून घ्या आणि दोघांत किती मिलिसेकंदांचा फरक पडतो ते तक्त्यात द्या. माणसांतच शंभर मिलिसेकंदांचा फरक असेल, तर तुमच्या पद्धतीकडून वीसची अपेक्षा करण्यात अर्थ नाही, हे परीक्षकालाही पटतं.

दुसरा, बरोबर कशाला म्हणायचं? मात्रा शोधण्याच्या कामात नेहमीची सवलत आहे ७० मिलिसेकंद. स्वराघातासाठी ५० मिलिसेकंद, सुरावटीसाठी ५० सेंट. मिर-इव्हॅल नावाचं साधन हेच आकडे धरून चालतं. पण अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आवर्तनात एक मात्रा चार सेकंदांची असते, म्हणजे ७० मिलिसेकंद तिच्या पावणेदोन टक्के झाले. द्रुत तीनतालात मात्रा पाव सेकंदाची धरली तर तेच ७० मिलिसेकंद तिच्या २८ टक्के होतात. एकच फूटपट्टी दोन्हीकडे लावली की विलंबिताचे आकडे उगाच वाईट दिसतात आणि द्रुताचे उगाच चांगले. उपाय असा की नेहमीचे आकडे द्याच, तुलना त्यावरच होते. शेजारी मात्रेच्या टक्क्यांत मोजलेले आकडेही द्या आणि दोन ओळींत कारण सांगा. मला विचाराल तर या दोन ओळी अख्ख्या प्रस्तावनेपेक्षा मोलाच्या आहेत.

तिसरा, संगणकाला शिकवायला वापरलेली आणि तपासायला वापरलेली ध्वनिमुद्रणं वेगळी केली का? एकाच मैफलीतला बडा ख्याल शिकवायला आणि छोटा ख्याल तपासायला ठेवला, तर संगणक ताल शिकला की त्या तबलजीचा हात, त्या सभागृहाचा घुमारा आणि त्या मायक्रोफोनचा स्वभाव शिकला, हे सांगता येत नाही. विभागणी कलाकारानुसार करा. आपल्या उदाहरणात तर गायकानुसार करून भागणार नाही, तबलजीनुसार हवी. संग्रह लहान असेल तर दर वेळी एक तबलजी बाहेर ठेवून फेऱ्या करा आणि सरासरीबरोबर चढउतारही लिहा.

घरी किंवा क्लासमध्ये ध्वनिमुद्रण केलं असेल तर तेही लिहा: खोली, मायक्रोफोन, सॅम्पलिंगचा दर. आपल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असते आणि तिचे पट १००, १५० असे वर चढतात. काळी एकच्या सापासून १५० हर्ट्झ सुमारे १३७ सेंट वर पडतो, म्हणजे कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मधोमध. स्वर शोधणारी पद्धत हा भलता रिषभ इमाने इतबारे नोंदवते. विजेची गुणगुण गाळली असेल तर कशी गाळली, ते सांगा.

आकृत्या

एका रकान्यात मावेल आणि छापल्यावर वाचता येईल, एवढीच अट. आलेखावरची अक्षरं मजकुराच्या अक्षरांपेक्षा फार लहान नकोत. उभ्या अक्षावर हर्ट्झऐवजी सापासूनचे सेंट, आणि सा, ग, प असे स्वर आडव्या रेघांनी दाखवलेले. इंद्रधनुषी रंगपट्टी टाळा, काळ्या-पांढऱ्या छपाईत तिचे उंचसखल भाग एकसारखे दिसतात. व्हिरिडिस नावाची रंगपट्टी बरी. रेषांचे आलेख व्हेक्टर पीडीएफमध्ये, वर्णपट मात्र ३०० डीपीआयचं चित्र म्हणून घाला, नाहीतर एकाच आकृतीने फाइल चाळीस एमबीची होते आणि अपलोडची मर्यादा ओलांडते.

पहिल्या किंवा दुसऱ्या पानावर एक अशी आकृती असावी की ती पाहून काम कळावं. आपल्या निबंधात एक आवर्तन: वर ध्वनिलहर, खाली बारा मात्रा, समेवर ठळक रेघ, आणि नेहमीचं साधन कुठे चुकतं ते लाल खुणांनी.

नाव लपवणं

दुहेरी अनामिकता म्हणजे परीक्षकाला तुम्ही कोण ते कळू नये आणि तुम्हाला परीक्षक. पहिल्या पानावरून नावं काढली की झालं, असं नसतं. आधीचा स्वतःचा निबंध ‘आम्ही यापूर्वी दाखवलं’ असा न सांगता परक्याचा असल्यासारखा सांगायचा. आभार सध्या काढून ठेवायचे. ‘आमच्या माटुंग्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी’ असं लिहिलंत तर माटुंग्यात महाविद्यालयं किती, हे परीक्षकही शोधू शकतो. ‘एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले’ पुरे.

लपलेल्या जागा आणखी आहेत. पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून लॅपटॉपवालीचं नाव बसलेलं असतं. प्रोग्रॅम ठेवायच्या गिटहबचा दुवा तर सरळ नावच सांगतो, त्यासाठी अनामिक प्रत देणाऱ्या सेवा आहेत. गूगल ड्राइव्हच्या दुव्यावर मालकाचं नाव दिसू शकतं. ध्वनिफाइलच्या आत कलाकार आणि अल्बमचे टॅग असतात. आणि सगळ्यात गमतीची जागा म्हणजे ध्वनिमुद्रण स्वतः, कारण सुरुवातीला गुरुजी म्हणतात, ‘आता अमुक हिला तालात बसवतो,’ आणि तिचं नाव तिथे जगजाहीर. तुकडा कापून घ्या.

निबंध आधीच ‘आर्काइव्ह’ या निबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकावा का, हे त्या परिषदेच्या त्या वर्षीच्या नियमावर सोडा. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं लिहिण्यात वापरली असतील तर ती कुठे आणि कशी नमूद करायची, तेही तिथेच लिहिलेलं असतं. संदर्भ मात्र अशा साधनाकडून घेऊ नका. अस्तित्वातच नसलेला निबंध यादीत आला की बाकीच्या पाच पानांवरचा विश्वासही जातो.

हक्क आणि परवानगी

बाजारात आलेली ध्वनिमुद्रणं संशोधनासाठी ऐकणं वेगळं आणि ती संग्रह म्हणून वाटणं वेगळं. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं राहतो, आणि कलाकाराचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. तेव्हा ध्वनी वाटायच्या ऐवजी तुम्ही केलेल्या खुणा, काढलेली वैशिष्ट्यं आणि मुद्रण नेमकं ओळखता येईल असा म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीत-नोंदसंग्रहातला क्रमांक द्या. ज्याच्याकडे ते मुद्रण आहे तो तुमचं काम पडताळू शकतो.

गुरुजींनी किंवा क्लासमधल्या ताईंनी गाऊन दिलं असेल तर लेखी संमती घ्या, मराठीत, एका पानाची. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: संशोधनासाठी वापरायचं का, छोटे तुकडे सगळ्यांना ऐकवायचे का, आणि इतरांना मॉडेल शिकवायला द्यायचं का. तिसऱ्या प्रश्नाला बरेच कलाकार नाही म्हणतात आणि त्यांचं ते नाही म्हणणं योग्यच आहे. तोंडी ‘वापर रे, काही हरकत नाही’ हे प्रेम झालं, परवानगी नव्हे.

अपलोड करण्यापूर्वी

संदर्भयादी गूगल स्कॉलरवरून उचलली असेल तर प्रत्येक नोंद पुन्हा पाहा. परिषदेचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हांनी येतं, आद्याक्षरं उलटतात, शीर्षकातल्या रागनावाचं मोठं अक्षर लहान होतं. बिबटेकमध्ये, म्हणजे लेटेकच्या संदर्भयादीच्या फाइलमध्ये, ते नाव महिरपी कंसात घातलं की सुटतं. मराठी पुस्तकाचा संदर्भ रोमन लिप्यंतरात द्या आणि चौकटी कंसात इंग्रजी अर्थ.

मग फॉण्ट. पीडीएफमधले सगळे फॉण्ट आत बसवलेले हवेत. पॉप्लर या पीडीएफच्या साधनसंचातली पीडीएफफॉण्ट्स ही आज्ञा चालवली की यादी दिसते. मॅटप्लॉटलिब मुळात टाइप-३ फॉण्ट घालतं आणि अनेक ठिकाणच्या तपासणीत तेच अडतात. सेटिंगमध्ये पीडीएफ फॉण्टटाइप ४२ केलं की प्रश्न मिटतो. हे आलेख काढायच्या आधी करा, म्हणजे सगळे आलेख पुन्हा काढावे लागणार नाहीत.

शेवटी एक छापील प्रत काढून संगीतातलं काही न कळणाऱ्या मित्राला द्या आणि तंत्रातलं काही न कळणाऱ्या गाणाऱ्याला दुसरी. पहिला जिथे अडेल तिथे व्याख्या कमी पडली आहे. दुसरी व्यक्ती जिथे ‘असं नसतं’ म्हणेल तिथे दावा जास्त झाला आहे. मुदतीच्या दोन दिवस आधी एक चालण्याजोगी प्रत अपलोड करून ठेवा. मुदत संपेपर्यंत ती बदलता येते. आणि अपलोड झालेली फाइल परत उतरवून उघडून पाहा.

निबंधाऐवजी रचना किंवा प्रयोग पाठवत असाल, म्हणजे आयसीएमसी किंवा नाइमकडे, तर कागदपत्रं वेगळी: कालावधी, किती चॅनेल, रंगमंचाचा आराखडा, लागणाऱ्या वस्तूंची यादी, छोटी ओळख आणि ध्वनि-चित्रफीत. यादीत ‘तबला’ एवढंच लिहू नका. मायक्रोफोन किती, बसायला चौथरा किती उंच, आणि तुमचं इलेक्ट्रॉनिक यंत्र ११० व्होल्टवर चालतं का, तेही लिहा.

निकाल लागल्यानंतर

परीक्षणं आली की आधी एक दिवस काहीच लिहू नका. उत्तर देण्याची सोय असेल तर तीनही परीक्षकांना जो मुद्दा खटकला तो पहिला घ्या, आकड्याने उत्तर द्या आणि ‘परीक्षकाला भारतीय संगीत कळत नाही’ हे वाक्य मनातच ठेवा. त्याला कळलं नसेल तर निबंधात कुठे वाक्य कमी पडलं, ते शोधा. नकार आला तरी परीक्षणं जपून ठेवा. पुढच्या परिषदेसाठी ती फुकट मिळालेली संपादकी आहे.

स्वीकार झाला तर अंतिम प्रतीत नावं, संस्था, आभार, अनुदानाचा क्रमांक परत येतात, आणि त्यांनी पाव पान खाल्लं की पुन्हा कात्री. इस्मिरचे निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली प्रसिद्ध होतात. तुमच्या संस्थेची त्याला हरकत नाही ना ते आधी विचारा. किमान एका लेखकाची नोंदणी त्या मुदतीत भरावी लागते. विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते आणि इस्मिरमध्ये महिलांसाठी व इतरांसाठी आर्थिक मदतीचे अर्जही निघतात, पण त्यांची मुदत वेगळी आणि लवकरची असते. व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र स्वीकार आल्याच्या आठवड्यातच मागा.

पोस्टर बहुधा ए-झीरोचं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. उभं की आडवं ते परिषदेला विचारून घ्या. फोर्ट किंवा दादरला कापडावर छापून मिळतं, ते घडी करून हातातल्या बॅगेत जातं. कागदी पोस्टरची लांब नळी विमानात सांभाळत बसण्यापेक्षा हे बरं. पोस्टरच्या दालनात गोंगाट इतका असतो की लॅपटॉपच्या स्पीकरवर तबला ऐकू येत नाही. दोन हेडफोन आणि एक स्प्लिटर न्या, आणि फोनवर तीन छोटे तुकडे तयार ठेवा: मूळ ख्याल, नेहमीच्या साधनाने चुकीच्या जागी दिलेली टाळी, आणि तुमच्या पद्धतीने समेवर दिलेली टाळी. आवर्तन मिनिटाचं असलं तरी तुकडा समेच्या अलीकडच्या दोन मात्रांपासून सुरू करा. पोस्टरपुढे कोणी मिनिटभर थांबत नाही.